मदत हवी आहे: जलरंगात मोकळी सोडलेली जागा नुसती रिकामी दिसते, चित्राचा तोल कसा साधू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत राहते, नोकरी सांभाळून जलरंग करते. मामांच्या नव्या घरासाठी आयर्विन पुलाचं चित्र करतेय. हाफ इंपिरियल कागद, 15 बाय 22 इंच, आडवा, 300 जीएसएम (म्हणजे जाड) कोल्ड प्रेस, किंचित खरखरीत. वेळ थंडीतल्या पहाटेची, कृष्णेवर धुकं.

पूल उजव्या कडेतून आत येतो, कमानी लहान होत जातात आणि कागदाच्या मध्याच्या जरा अलीकडे धुक्यात विरतात. डावीकडे काहीच नाही. वर आकाश, खाली पाणी, मधे पलीकडच्या सांगलवाडीचा काठ असून नसल्यासारखा. ही बाजू मला मोकळीच हवी आहे. अशा पहाटे घाटावर उभं राहिलं की पलीकडचं काही दिसत नाही, पाण्याचा फक्त अंदाज येतो. मला रंगवायचंय ते हेच, पूल त्याच्या सोबतीला आहे.

पण कच्ची चित्रं भिंतीला टेकवून लांबून पाहिली की सगळं उजवीकडे कलल्यासारखं वाटतं. मामा म्हणाले, "डावीकडं एक होडी टाक की, जागा भरंल." आईला तिथे बगळे हवेत.

विषय म्हणजे पॉझिटिव्ह स्पेस आणि त्याच्या भोवतीची जागा म्हणजे निगेटिव्ह स्पेस, एवढं ठाऊक आहे. मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांची 1915 सालची, कधी फुलदाणी तर कधी दोन चेहरे दिसणारी आकृतीही पाहिली आहे. पण तिथे कडा सुरीने कापल्यासारखी असते, म्हणून दोन्ही बाजू आकार म्हणून उभ्या राहतात. धुक्याला कडा नसते, तिथे काय करायचं? मोकळ्या जागेला वजन येतं कुठून? आणि ती चित्रात काम करतेय की नुसती उरलीय, हे ओळखायचं कसं?

जाणकारांनी जरूर लिहा.

जुना ब्रश

ताई, होडीची घाई करू नका. आधी उजवीकडे किती वजन साठलंय ते बघा. डोळ्याला जड वाटायला आकार मोठा असावा लागतो असं नाही. गडद टोन (छटा) जड, तीक्ष्ण कडा जड, बारीक तपशील जड, उबदार रंग जड, आणि चौकटीला चिकटलेली वस्तू तर फारच जड. तुमच्या वर्णनावरून जवळचा खांब सगळ्यात गडद, त्यावरच दगडांचे सांधे, आणि तोच कागदाच्या कडेला. बरोबर ना? म्हणजे सगळं एकाच ठिकाणी झालं. नजर तिथे जाते आणि तिथूनच चित्राबाहेर पडते.

कडेचा खांब थोडा मऊ करा, त्याचे सांधे पाण्यात विरू द्या. सगळ्यात गडद फटकारा दुसऱ्या किंवा तिसऱ्या कमानीच्या आतल्या सावलीला द्या. बागेतल्या सी-सॉवर मोठं माणूस मध्याकडे सरकलं की टोकाला बसलेलं लहान मूलही त्याला उचलतं, तसंच हे. जड भाग मध्याकडे आला की डाव्या टोकाला सांगलवाडीच्या झाडांचा एक फिकट पट्टाही पुरतो.

अमेरिकन चित्रकार व्हिसलर यांनी काढलेलं त्यांच्या आईचं चित्र बघा, 1871 सालचं. काळ्या पोशाखातली म्हातारी उजवीकडे बसली आहे, समोर राखाडी भिंत, भिंतीवर एक तसबीर, डाव्या कडेला पडदा. ती भिंतीच्या दिशेला तोंड करून बसलीय, म्हणून ती मोकळी भिंत तिची वाटते. तुमच्या कमानीही डावीकडेच धावतात. त्यांचं विरणं जितकं सावकाश कराल तितकी नजर धुक्यात शिरेल.

कृष्णाकाठची

बरोबर ओळखलंत, कडेचा खांबच सगळ्यात गडद आहे. बदलून बघते. पण मग डावा भाग आणखी पांगळा नाही का होणार? दोन्हीकडे फिकट झालं तर?

बोर्डवाले

ताई, मी मिरजेत दुकानांचे बोर्ड रंगवतो. चित्रातलं माझं ज्ञान बेताचं आहे, पण जागेबद्दल सांगू शकतो, कारण आमचं निम्मं काम जागेचंच.

दोन अक्षरांमधलं अंतर पट्टीनं सारखं मोजलं तर बोर्ड वाकडा दिसतो. 'ग', 'ण', 'श' यांचा काना सुटा असतो, आतच एक उभी फट राहते. 'ट', 'ठ', 'द' यांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना शिरोरेषेखाली पोकळी पडते. म्हणून पट्टी बाजूला ठेवायची आणि पोकळ्या डोळ्यांनी तोलायच्या. 'ट' च्या शेजारचं अक्षर जवळ घ्यायचं, दोन काने शेजारी आले की लांब ठेवायचं. पोरांना शिकवताना मी सांगतो, अक्षर बघू नका, मधला रंग बघा.

तुमच्या पुलाला हेच लावा. दगड काढायच्या आधी कमानींच्या पोटातला उजेड काढा. वर कमान, खाली तिचं पाण्यातलं प्रतिबिंब, दोन्ही मिळून एकेक अंडाकृती भोक तयार होतं. ती भोकं लहान होत जाणारी, पण एकाच रंगाची. तो रंग आणि डावीकडच्या धुक्याचा रंग एकच ठेवलात तर धुकं पुलाच्या आरपार जातं. मग डावीकडची जागा वेगळी उरत नाही, तीच उजवीकडेही हजर असते. आता मला वाटतं पूल भिंतीसारखा मधे आलाय, त्यानं एक बाजू तोडलीय.

माणदेशी वाटसरू

बोर्डवाले, तुम्ही मुद्द्यावर बोट ठेवलंत.

ताई, जपानी चित्रकार हासेगावा तोहाकू यांचे पाइन वृक्षांचे पडदे नेटवर शोधा. सोळाव्या शतकाच्या अखेरचे, आता तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. नुसती शाई. बहुतेक कागद कोराच, पण धुकं अंगावर येतं. कारण झाडं पूर्ण काढलेली नाहीत, काही गडद, काही जेमतेम, आणि त्यांचे बुंधे कोऱ्या कागदात बुडालेले. तिथे कागद धुकं होतो. कडा एका जागी हरवते आणि दुसऱ्या जागी सापडते, एवढ्यावर सगळं उभं आहे. धुक्याला कडा नसते म्हणालात, त्याचं उत्तर मला तिथे सापडतं.

जपानी चित्रकार होकुसाई यांचं 'मोठी लाट' हे चित्र (1831 च्या सुमाराचं) सगळ्यांनी पाहिलेलं असतं. लाटेखालच्या आकाशाची पोकळी नीट बघा, तिलाही लाटेइतकाच ठाम आकार आहे, आणि त्या पोकळीत बसलेला चिमुकला फुजी पर्वत एवढ्या पाण्याला पुरून उरतो.

सवड काढून सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन या. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं श्री भवानी संग्रहालय, त्यात इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर यांचं 'माता आणि मूल' हे दगडातलं शिल्प आहे. साताऱ्यातल्या एका खेडेगावात मूर यांचं शिल्प आहे याचं मला आजही भरून येतं. 1930 च्या दशकापासून मूर यांनी दगडाला आरपार भोकं पाडली, आणि भोकालाही घडवलेला आकार असतो हे दाखवलं. शिल्पाभोवती सावकाश फिरा आणि दोन आकृतींमधली जागा बघत राहा.

एक विचारायचं राहिलं, पाण्याची रेघ कागदावर कुठे आहे?

कृष्णाकाठची

रेघ जवळपास मध्यावर. आकाश आणि पाणी सारखंच.

माणदेशी वाटसरू

मग जागा उरल्यासारखी वाटणारच. डावीकडे दोन सारखे पट्टे झाले, दोघांपैकी कुणाचाच वरचष्मा नाही. रेघ वर न्या, पाणी दोन भाग, आकाश एक भाग. तुम्हाला पाणीच सांगायचंय ना?

जुना ब्रश

ओळखायचं कसं, हा तुमचा दुसरा प्रश्न राहिला होता. काडेपेटीएवढ्या चौकटी आखा आणि फक्त काळा-पांढरा, मधला टोन वापरायचाच नाही. मग पांढरा भाग कागदावर एक सलग आकार म्हणून दिसतो का ते बघा. तो आकार कात्रीनं कापून हातात घेतला तर बघावासा वाटेल असा असेल तर जागा काम करतेय. नुसता चौकोनी तुकडा निघाला तर ती उरलेली जागा आहे. शिवाय चित्र उलटं करून बघा, आरशात बघा. पूल आहे हे डोकं विसरतं आणि तोल लगेच कळतो.

कृष्णाकाठची

काळ्या-पांढऱ्या चौकटी करून पाहिल्या. रेघ वर नेली, कमानींची पोटं पांढरी सोडली, कडेचा खांब अर्धा विरवला. पांढरा भाग आता डावीकडून निघून पुलाच्या पोटातून उजव्या कडेपर्यंत जातो. कललेपणा गेला. मामांना दाखवलं, त्यांनी बराच वेळ बघितलं आणि होडीचं नाव काढलं नाही.

शेवटचं विचारते. मोठ्या कागदावर धुक्याची जागा कोरी सोडू की हलका वॉश (पातळ रंगाचा थर) देऊ?

जुना ब्रश

वॉश द्या. एवढ्या मोठ्या कागदावर कोरा पांढरा डोळ्याला फार पुढे येतो आणि धुकं मागे राहत नाही. कागद दोन्ही बाजूंनी भिजवा, पुलाचा विचार न करता पूर्ण कागदावर करड्या-निळ्याचा पातळ हात फिरवा, म्हणजे कमानींच्या पोटात आणि डावीकडे आपोआप एकच रंग येतो. पूल विरतो तिथे तेवढा रंग ओल्यातच कोरड्या ब्रशनं उचलून घ्या. लांबच्या कमानी कागद ओलसर असताना टाका, जवळच्या पूर्ण वाळल्यावर. कागदाखालचा बोर्ड डावीकडे किंचित उतरता ठेवा.