केपर्स एवढे खारट असतात का?

सुगरण_नवशिकी: मंडळी, काल पहिल्यांदाच केपर्स आणले. बरणीत पाणीबिणी काही नव्हतं, नुसतं जाडं मीठ आणि त्यात हिरवट दाणे. रेसिपीत दोन चमचे लिहिलेले म्हणून टोमॅटोच्या पास्त्यात मिठासकट दोन चमचे ढकलले आणि वरून नेहमीसारखं मीठही घातलं. पहिल्याच घासाला नवरा पाणी प्यायला उठला तो परत ताटावर बसलाच नाही. धुवून घ्यायचे असतात का हे? आणि या बिया आहेत की फळं?

चटकदार: हाहा, नवऱ्याला सॉरी सांगा. अहो मिठातले केपर्स आधी दोनतीनदा धुवायचे, मग साध्या पाण्यात १५-२० मिनिटं भिजवायचे, मधे एकदा पाणी बदलायचं, एक दाणा चावून बघायचा, अजून खारट असेल तर परत भिजवायचे. आणि पदार्थात मीठ अगदी शेवटी, चव बघूनच. बिया नाहीत, फळंही नाहीत, न उमललेल्या कळ्या आहेत त्या. काटेरी झुडूप असतं, कळ्या हातानेच खुडाव्या लागतात म्हणून महाग. ताजी कळी कडू लागते, मिठात मुरल्यावरच ती चव येते.

पास्तापंडित: वरच्याला अनुमोदन. व्हिनेगर किंवा मिठाच्या पाण्यातले असतील तर नुसते धुतले तरी चालतात, पण त्यांचा आंबटपणा बाकी सगळ्यावर चढतो. मला विचाराल तर मिठातलेच भारी, इटलीतल्या पान्तेलेरिया बेटावरचे तर खासच. आणि बारीक तितके नाजूक, सगळ्यात लहान ७ मिलिमीटरच्या आतले, त्यांना नॉनपरेल म्हणतात. देठासकट ऑलिव्हएवढं मिळतं ते केपरबेरी, ते मात्र फळ, आत बिया असतात, रेसिपीत त्याची अदलाबदल करू नका.

सुगरण_नवशिकी: अच्छा कळ्या!! पण काहींवर पांढरे ठिपके आहेत, बुरशी तर नाही ना? टाकून देऊ का सगळे?

चटकदार: टाकू नका! बारीक, टणक, कळीला चिकटलेले ठिपके असतील तर ते रुटिन नावाचं द्रव्य, केपर्समध्ये मुळातच असतं ते, मुरताना वर येतं. कापसासारखं मऊ काही दिसलं किंवा वास बिघडला असेल तरच फेका. उरलेले मिठातच राहू द्या, चमचा कोरडा वापरा म्हणजे झालं.

तळणीतला: एक राहिलंच, तळून बघा. भिजवून झाले की फडक्यावर पूर्ण कोरडे करा (मी घाई केली होती, तेल मनगटावर उडालं), मग गरम तेलात मिनिटभर. कळी फुलासारखी उघडते आणि कुरकुरीत होते. उकडलेल्या बटाट्यावर, अंड्यावर, कशावरही भुरभुरा. बाकी सॉसमध्ये घालायचे तर गॅस बंद करायच्या जरा आधी, फार शिजले तर वास उडून जातो.

सुगरण_नवशिकी: आत्ता वाटीत भिजत घातलेत. दुसरं पाणी चालू आहे, अजून खारटच आहेत 😅