५ नोव्हेंबरचा कार्यक्रम: सोसायटी ग्रुप, सांगली

सेक्रेटरी: रंगभूमी दिनाला पार्किंगमध्ये सलोख्याचा कलामहोत्सव घ्यायचं मीटिंगमध्ये ठरलं. मागच्या गल्लीतली मंडळीही येणार. कच्चा आराखडा असा: प्रत्येक समाजाला दहा मिनिटं. भजन, कव्वाली, गरबा, वासुदेव. सूचना टाका.

बी-३०२ ताई: समाजवार वेळ वाटली की आपल्या पोरांचा नंबर झाला की लोक खुर्ची सोडून घरी जातात. शेवटी स्टेजसमोर फक्त माईकवाला उरतो. चिठ्ठ्या टाकून आठ-आठ जणांचे गट करा, एका घरातले दोघे एका गटात नकोत. आणि गटाला नाच देण्याआधी हातकाम द्या. अनोळखी माणसं नाचायला लाजतात, कामट्या बांधायला लाजत नाहीत.

सी-१०१ चाचा: ताईंचं पटलं. आपल्याच जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे ताबूत बघा. आधी कळस, मग पाया असं बांधकाम, आणि त्यात हिंदू घराण्यांचेही ताबूत असतात. पण हौशीनं ताबुताची प्रतिकृती मात्र करू नका. ती श्रद्धेची वस्तू आहे, सजावटीची नव्हे. त्यापेक्षा दिवाळीचे दिवस आहेत, प्रत्येक गटाचा पाच फुटी आकाशकंदील होऊ दे.

ए-२०४ काका: कंदिलाचं सांगतो. ओल्या बांबूच्या कामट्या घ्या, वाकवताना तडकत नाहीत. वाळक्याच मिळाल्या तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सांगाडा दोऱ्यानं बांधायचा, खिळा मारला की कामटी उभी फाटते. पतंगी कागद मैद्याच्या खळीनं चिकटवा आणि सावलीतच वाळवा. उन्हात ठेवला की कागद ताणला जाऊन कोपऱ्यात फाटतो, मग सगळे खळीला नावं ठेवतात. आत ९ वॅटचा एलईडी, साधा बल्ब नको. हे काम आधीच्या दोन रविवारी उरका.

बी-१०५ दादा: कंपाउंडच्या भिंतीवर सगळ्यांनी मिळून चित्र काढूया का?

ए-२०४ काका: नदीकडची भिंत सोडा. २०१९ च्या पुरानंतर तिला लोणा लागलाय, रंग दोन महिन्यांत पोपडे धरून पडेल. रस्त्याकडच्या भिंतीवर आधी दोन फूट प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून दिवसभर ठेवा. आतून थेंब दिसले तर तिथंही नको.

डी-४०१ सर: फ्लेक्स आणि कमान यांचं डिझाईन छापण्याआधी ग्रुपवर टाका. ऐतिहासिक लढाईचं किंवा कुणाच्या वधाचं चित्र नको. मिरजेत २००९ ला कमानीवरच्या चित्रावरूनच पेटलं होतं. नुसती अक्षरं आणि कंदील पुरेत.

सी-१०१ चाचा: वेळेचं बघा. त्या दिवसांत मगरिब (सूर्यास्ताची नमाज) सहाच्या सुमारास, ईशा (रात्रीची नमाज) त्यानंतर सव्वा तासानं. साडेसातला सुरू केलं तर कुणाची पळापळ नाही.

बी-३०२ ताई: पण खाणं पाचला ठेवा. जैन कुटुंबं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. आठला ताटं मांडली तर ती मंडळी नुसती पाणी पिऊन बसतील, आणि रात्री पाणीही न घेणारे येणारच नाहीत.

ए-२०२ काकू: मग भडंगच करूया, सांगलीत दुसरं काय! दीडशे माणसांना चुरमुरे ५ किलो, शेंगदाणे दीड किलो, तेल एक लिटरच्या आसपास. त्यातला दीड किलोचा घाणा बिनलसणाचा, वेगळ्या कढईत, आणि तो आधी. एकच झारा दोन्हीकडे फिरवला की वेगळं करून उपयोग काय? फोडणी उतरवून जरा निवली की मग तिखट घाला, नाहीतर करपून कडू होतं. चुरमुरे सकाळी उन्हात घाला आणि डबे वाढायच्या वेळीच उघडा. संध्याकाळच्या दवानं पंधरा मिनिटांत सादळतात.

डी-४०१ सर: दवावरून आठवलं. मिरजेहून तंबोऱ्याची जोडी आणणार ना? (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणून म्हटलं, खेळण्यासारखे हाताळू नका.) वाद्यं तासभर आधी स्टेजवर आणून ठेवा, तिथल्या हवेला बसू देत, मग लावा. खोलीत लावून उघड्यावर आणली की तारा उतरतात आणि गायक बिचारा दोन गाण्यांच्या मध्ये खुंट्या पिळत बसतो. जवारीचं सूत (घोडीवर तारेखाली घालतात तो दोरा) जास्तीचं जवळ ठेवा. हॅलोजन दिवे तंबोऱ्याच्या भोपळ्यापासून लांब. आणि भजन-कव्वाली वेगळी नको, एकाच बैठकीत आलटून पालटून. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथं कोण कुठल्या समाजाचा ते कुणी मोजत नाही.

सेक्रेटरी: ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात मी देतो.

डी-४०१ सर: दहाला बंद म्हणजे बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तेव्हा दोन छोटे स्पीकर पुरेत, तोंड आतल्या बाजूला. आभारप्रदर्शन साडेनऊलाच उरका, ते नेहमी लांबतं.

बी-१०५ दादा: चिठ्ठ्या रविवारी ११ ला गेटवर टाकूया. मागच्या गल्लीतली नावं कोण आणणार?

सी-१०१ चाचा: मी आणतो. बायकांची नावं आणायला ताई बरोबर चला, मला एकट्याला कुणी सांगणार नाही.