पॅप स्मिअर दरवर्षी की पाच वर्षांनी? दोघी दोन सांगालेत

खानापूरची_सून:
माझं वय ४१. तीन वर्षांमागं बेळगावात खासगी दवाखान्यात पॅप (गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन कॅन्सरसाठी तपासतात ती) केलेली, नॉर्मल आली. तिथल्या मॅडम म्हणालेल्या दरवर्षी करा. आता आशाताई घरी आल्या त्या म्हणतात पाच वर्षांनी एकदा, ते पण फुकट. कुणाचं ऐकू? आणि सासूबाई ६८ च्या, एकदा पण केलेली नाही, विषय काढला की "मला काय धाड भरलीय" म्हणत भांडी घासायला उठतात.

शहापूर_सिस्टर:
अगं टेस्टच दोन वेगळ्या आहेत म्हणून घोळ. पीएचसीत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात करतात ती व्हीआयए, पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, कापसानं पिशवीच्या तोंडाला लावून मिनिटभर थांबतात, पांढरा डाग उठला तर पुढं पाठवतात. सरकारी कार्यक्रमात ती ३० ते ६५ वयाला पाच वर्षांनी एकदा. पॅप नॉर्मल असेल तर तीन वर्षांनी. एचपीव्ही टेस्ट, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, पाच वर्षांनी, डब्ल्यूएचओ तर ५ ते १० म्हणते. विषाणू लागला तरी बहुतेकींच्यात आपोआप जातो, राहिलाच तर कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात, मग दरवर्षी कशाला. तुझी पॅपची वेळ मात्र आत्ताच झालीय बघ. पाळीत जाऊ नको, आधी दोन दिवस संबंध आणि आतली औषधं बंद.

निपाणीकर_ताई:
एचआयव्ही असेल तर हे अंतर चालत नाही, २५ पासून आणि ३ ते ५ वर्षांनी. एचपीव्हीची लस घेतली तरी टेस्ट चुकत नाही. आणि आपल्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात लाखावर बायकांवर अभ्यास झालाय, २००९ ला छापून आला, एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरनं मृत्यू टेस्ट न केलेल्यांपेक्षा जवळजवळ निम्मे.

शहापूर_सिस्टर:
सासूबाईंचं सांगायचं राहिलं. ६५ नंतर थांबायचं ते आधीच्या टेस्ट नॉर्मल असलेल्यांनी, त्यांची एकही नाही, म्हणून डॉक्टरांना विचारच. आणि पाळी गेल्यावर ठिपकाभर जरी रक्त दिसलं, घाण वासाचं पाणी जात असलं तर कॅम्पची वाट बघायची नाही, लगेच जायचं. माझ्या मावशीनं "उष्णतेनं होतंय" म्हणत आठ महिने धण्याचं पाणी पीत काढले.

खानापूरची_सून:
सासूबाईंना धण्याच्या पाण्याचं वाचून दाखवलं. गप्प बसल्या. मग म्हणाल्या, तपासणारी बाईच असती न्हवं?