शब्दचर्चा : कक्षा, कवच, कक्षक… आणि 'अणू' नक्की कुठल्या भाषेतला?

सातरस्ता :
अणूत इलेक्ट्रॉन कुठे असतो, याला आठवीच्या पुस्तकात 'कवच', शिकवणीच्या वहीत 'कक्षा' आणि अकरावीला गेलं की 'ऑर्बिटल'. हे तिन्ही एकच का, असं मुलं विचारतात. ऑर्बिट आणि ऑर्बिटल दोन्हीला मराठीत 'कक्षा' म्हटलं तर चालेल का?

होटगीरोड :
नाही चालणार. ऑर्बिट म्हणजे कक्षा, शेल म्हणजे कवच, सबशेल म्हणजे उपकवच आणि ऑर्बिटल म्हणजे कक्षक. वहीत शेवटचा 'क' हमखास गळतो आणि सगळा घोळ तिथेच होतो.

कक्षा ही आखलेली वाट. पृथ्वी सूर्याभोवती जाते तशी. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनला अशी वाट दिली. १९२६ मध्ये श्रोडिंगरचं समीकरण आलं आणि वाट पुसली गेली. राहिला तो इलेक्ट्रॉन सापडण्याच्या शक्यतेचा हिशोब. त्या हिशोबाला 'ऑर्बिटल' हे नाव रॉबर्ट मलिकन या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दिलं. कक्षकांचे एस, पी, डी असे प्रकार असतात : एस कक्षक गोल, पी डंबेलसारखा. ती आकृती साधारणपणे ९० टक्के शक्यता आत मावेल इतकी मोठी काढतात, म्हणून तिची कड म्हणजे भिंत नव्हे.

गंमत म्हणजे हायड्रोजनसाठी ०.५२९ अँगस्ट्रॉम हा आकडा दोन्हीकडे येतो. बोरच्या भाषेत ती कक्षेची त्रिज्या. कक्षकाच्या भाषेत इलेक्ट्रॉन केंद्रकापासून ज्या अंतरावर सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त, ते अंतर. आकडा तोच असल्यामुळे मुलांना वाटतं की अर्थही तोच.

भवानीपेठ :
मग 'इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतो' हे वाक्य चूक का?

होटगीरोड :
आठवीच्या उत्तरात चूक नाही, तिथे बोरचंच प्रारूप शिकवतात. अकरावीपासून मात्र 'फिरतो' सोडून 'असतो' लिहायची सवय लावा. कारण नुसतं भाषेचं नाही. हायड्रोजनच्या वन-एस (पहिल्या कवचातल्या एस) कक्षकात इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग, म्हणजे गोल फिरण्याचं माप, शून्य असतो. गोल फिरणाऱ्या वस्तूचा तो शून्य असूच शकत नाही.

विजापूरवेस :
आणि खरंच फिरत असता तर जुन्या भौतिकशास्त्रानुसार सतत ऊर्जा बाहेर टाकत सेकंदाच्या सुमारे सहा हजार कोटीव्या भागात केंद्रकात पडला असता. आपल्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत 'मौत का कुआँ' असतो बघा, विहिरीच्या भिंतीवरून गोल गाडी चालवतात तो, वेग कमी झाला की गाडी खाली घसरते. वर्गात हे उदाहरण पटकन पोचतं.

होटगीरोड :
उदाहरण चांगलं आहे, पण अर्ध्यावरच थांबा. विहिरीतल्या गाडीचा वेग कमी होतो म्हणून ती घसरते. इलेक्ट्रॉन आत येत गेला असता तर त्याचा वेग वाढत गेला असता. हुशार मुलगा नेमकं इथेच अडवतो.

सातरस्ता :
आणि 'कवच'? त्या शब्दाने कर्णाचं कवच नाहीतर नारळाची करवंटी डोळ्यांपुढे येते.

होटगीरोड :
तेवढा दोष त्या शब्दात आहेच. कवच म्हणजे ऊर्जेच्या एकाच मुख्य पातळीतल्या इलेक्ट्रॉनांचा गट, एवढंच धरा. कवचांत इलेक्ट्रॉन भरताना मात्र दोन क्रियापदं वेगळी ठेवा : 'मावतात' आणि 'भरतात'. कवचांना आतून बाहेर के, एल, एम, एन म्हणतात. केमध्ये २, एलमध्ये ८, एममध्ये १८, एनमध्ये ३२ मावतात. म्हणून मुलं पोटॅशियम २, ८, ९ असं लिहितात. एममध्ये १८ मावतात हे खरं, पण ८ झाले की पुढचा आधी फोर-एसमध्ये, म्हणजे चौथ्या कवचाच्या एस उपकवचात जातो, कारण तिथे ऊर्जा कमी लागते. म्हणून पोटॅशियम २, ८, ८, १ आणि कॅल्शियम २, ८, ८, २. थ्री-डी भरायला लागतो तो स्कँडियमपासून : २, ८, ९, २.

लोखंडात उलटी चूक होते. 'शेवटी भरला तो आधी निघेल' असं धरून मुलं थ्री-डीमधले काढतात. निघतात आधी फोर-एसचे दोन. लोखंड २, ८, १४, २. दोन इलेक्ट्रॉन गेले की २, ८, १४. तिसरा गेला की २, ८, १३.

अशोकचौक :
आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातली खरी अडचण आणखी मागे आहे. तेलुगूत 'परमाणुवु' म्हणजे ॲटम आणि 'अणुवु' म्हणजे मॉलिक्यूल. कन्नडमध्येही परमाणु आणि अणु. हिंदीत तेच. मराठीत मात्र अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि मोबाइलवर हिंदी व्हिडिओ, असं पोर 'ऑक्सिजनच्या एका अणूत दोन परमाणू' असं लिहून येतं. हिंदीत ते शंभर टक्के बरोबर आहे की ओ!

होटगीरोड :
उर्दू शाळेतलं पोर यातून सुटतं. तिथे ॲटम म्हणजे जौहर आणि मॉलिक्यूल म्हणजे सालमा, दोन्ही शब्दच वेगळे. बाकीच्यांना एक गणित द्या : १८ ग्रॅम पाण्यात रेणू एक मोल (मोल हे कण मोजायचं एकक, डझनासारखं), अणू तीन मोल. शब्द उलटला की उत्तर तिपटीने चुकतं, मग तो पुन्हा उलटत नाही. मराठीत 'परमाणू' आता कणादाच्या वैशेषिक दर्शनापुरताच उरला आहे.

भवानीपेठ :
'भार' या शब्दावरही बोला. 'सोडियम आयनाचा (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूचा) भार किती', तर कोणी २३ लिहितं, कोणी धन १.

विजापूरवेस :
प्रश्नच धड नाही. जुन्या 'अणुभार'मधला भार वजनाचा, 'धनभार'मधला विजेचा. प्रश्न काढताना 'अणुवस्तुमान' आणि 'प्रभार' लिहा, वाद मिटतो. एक इलेक्ट्रॉन गेल्याने सोडियमचं वस्तुमान सुमारे ४२ हजारांत एक भाग इतकंच घटतं, म्हणून २३ तेच राहतं.

भवानीपेठ :
पुढचा प्रश्न ठरलेला : इलेक्ट्रॉन गमावला, मग धन कसा झाला?

विजापूरवेस :
इथे मराठी आपल्या मदतीला येते. इलेक्ट्रॉन स्वतः ऋण. ऋण फिटलं की माणूस धनात येतो. त्याखाली लगेच ११ प्रोटॉन, १० इलेक्ट्रॉन लिहून वजाबाकी करून घ्या, नाहीतर नुसती कोटी लक्षात राहते.

सातरस्ता :
'उत्तेजित' आणि 'आयनीभूत' हेही मुलांना एकच वाटतात.

होटगीरोड :
गॅसवर मीठ घातलेलं वरण उतू गेलं की निळी ज्योत पिवळी होते. तिथे सोडियम अणूचा बाहेरचा इलेक्ट्रॉन थ्री-एसमधून थ्री-पीत चढतो आणि परत उतरताना ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश देतो. यासाठी २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ऊर्जा पुरते. हा अणू उत्तेजित. इलेक्ट्रॉन अजून अणूतच आहे. तोच इलेक्ट्रॉन अणूबाहेर काढायला ५.१४ लागतात, ते आयनीभवन. 'मीठ जळलं म्हणून पिवळं' हे उत्तर मात्र खोडाच.

अशोकचौक :
जाता जाता शुद्धलेखन. अणू की अणु?

विजापूरवेस :
सुटा लिहिताना 'अणू', प्रत्यय लागला की 'अणूचा', 'अणूंची'. समासात आधी आला की ऱ्हस्व : अणुकेंद्रक, अणुऊर्जा.

अशोकचौक :
मग अणु + अस्त्र 'अण्वस्त्र' होतं, तर अणु + अंक 'अण्वंक' का नाही?

विजापूरवेस :
व्याकरणाने होतोच. पण पुस्तकात आणि तोंडात 'अणुअंक' बसलाय. पेपरात तेच लिहा.