प्लगइन लिहिणाऱ्या नवख्यांसाठी मराठीत सामायिक टिपणवही: हवी की नको?

पारिजात

माझं पहिलं वर्डप्रेस प्लगइन, म्हणजे संकेतस्थळं चालवणाऱ्या वर्डप्रेस प्रणालीला जोडायचा छोटा प्रोग्राम, अगदी साधं होतं. मित्राच्या दिवाळी अंकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक लेखाखाली 'वाचायला लागणारा वेळ' दाखवायचा. शब्द मोजायचे, २०० ने भागायचे. इंग्रजी मजकुरावर आकडा बरोबर आला. मराठी लेख टाकला की ० मिनिटं. दोन रात्री मी भागाकारातली चूक शोधत बसलो. चूक तिथे नव्हतीच. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे त्या पीएचपीचं 'स्ट्र_वर्ड_काउंट' हे फंक्शन रोमन अक्षरांचेच शब्द मोजतं, देवनागरी त्याच्या हिशेबात शब्दच नाहीत. मजकूर मोकळ्या जागांवर तोडून मोजला आणि काम झालं.

पुढे कळलं की ओळखीतल्या आणखी तिघांना याच दगडाची ठेच लागली होती. कुणीच कुठे लिहून ठेवलं नव्हतं. उत्तरं व्हॉट्सॲपच्या गटांत येतात आणि चार दिवसांत वर सरकून जातात.

म्हणून वाटतं, आपण सगळ्यांनी मिळून मराठीत एक टिपणवही करावी. अडलेल्या गोष्टी आणि चालून पाहिलेले कोडचे तुकडे. सुरुवात मी करतो. तुमची मतं हवी आहेत, विरोधातलीही.

सह्यकडा

असहमत. कळकळ पोचली, तरीही असहमत.

वर्डप्रेसने स्वतः 'कोडेक्स' नावाची, कुणीही बदलू शकेल अशी विकी वर्षानुवर्षं चालवली. पुढे तिथला विकासकांचा मजकूर हँडबुकांत, म्हणजे अधिकृत मार्गदर्शिकांत, आणि एकेका फंक्शनच्या संदर्भपानांत हलवला. त्या संदर्भपानांखाली आजही कुणालाही टीप जोडता येते, ती तपासूनच प्रसिद्ध होते. पीएचपीच्या अधिकृत पानांखालीही तशी सोय आहे. तुमची शून्य मिनिटांची टीप तिथे गेली तर ती जगाला दिसेल.

दुसरं, तयार तुकडे शिळे होतात. पीएचपीचं 'क्रिएट_फंक्शन' हे फंक्शन एके काळी कितीतरी धड्यांत असायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८.० मधून ते काढून टाकलं. धडे मात्र जागेवरच राहिले, आणि लोक त्यातून उचलत राहिले.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका प्लगइनमध्ये सेटिंग बदलण्याआधी फक्त 'इज_ॲडमिन' या फंक्शनने तपासलं होतं. नाव वाचून वाटतं, समोरचा माणूस प्रशासक आहे का ते हे सांगत असेल. ते फक्त एवढंच सांगतं की विनंती प्रशासकीय बाजूच्या पानासाठी आहे. पान न बदलता विनंत्या घेणाऱ्या 'ॲडमिन-एजॅक्स'वरून लॉगइन न केलेल्या पाहुण्याची विनंती आली तरी उत्तर 'हो'च येतं. म्हणजे दार सताड उघडं. ही ओळ लिहिणाऱ्याने ती कुठल्याशा टिपणातूनच उचलली होती. नवखा माणूस तयार तुकडा वाचत नाही, चिकटवतो.

खडूफळा

मी शिकवते, त्यामुळे मला पारिजातची बाजू घ्यावीशी वाटते. काय चुकलं त्याचं नाव माहीत असेल तरच हँडबुक उपयोगी पडतं. नवख्याकडे फक्त पडद्यावर दिसलेलं असतं.

माझ्या वर्गात दर वेळी कुणीतरी रडवेलं होऊन सांगतं, "ताई, लेखच गायब झाला." त्याने लेखाच्या मजकुरावर फिल्टर, म्हणजे मजकूर दिसण्याआधी तो बदलणारं आपलं फंक्शन, लावलेला असतो आणि फंक्शनच्या शेवटी मजकूर परत द्यायला विसरलेला असतो. फिल्टरमध्ये जे घेतलं ते परत द्यावंच लागतं, हे हँडबुकात स्पष्ट लिहिलं आहे. पण 'लेख गायब' असं शोधणारा मुलगा त्या पानापर्यंत पोचणार कसा?

तसंच शीर्षकाच्या फिल्टरचं. फंक्शनला शीर्षक आणि लेखाचा क्रमांक असे दोन्ही हवे असतील तर ते फंक्शन जोडणाऱ्या 'ॲड_फिल्टर'च्या ओळीत चौथ्या जागी २ लिहावं लागतं. नाही लिहिलं तर वर्डप्रेस एकच देतं. पूर्वी नुसती ताकीद मिळायची, पीएचपी ७.१ पासून अख्खं पान कोसळतं. मुलं फंक्शनच्या आत चूक शोधत राहतात आणि ती असते बाहेरच्या ओळीत.

रात्रपाळी

फंक्शनांची नावं इंग्रजीत, त्रुटीसंदेश इंग्रजीत, प्लगइन तपासणाऱ्यांशी पत्रव्यवहार इंग्रजीत. मराठी वहीने मुलांना इंग्रजीची सवय लागणं लांबेल. माझा विरोध.

खडूफळा

@रात्रपाळी, इंग्रजी शिकावंच लागतं, त्यावर दुमत नाही. पण हुक (वर्डप्रेसच्या कामात आपलं फंक्शन अडकवायची जागा) म्हणजे काय हे कळलेलं नसताना ते परक्या भाषेत समजून घेणं म्हणजे एकदम दोन ओझी उचलणं. कल्पना मराठीत कळली की तीच मुलं इंग्रजी पान आपणहून उघडतात, हे मी पाहिलं आहे.

तळकोकण

वहीत काय असावं याचं माझ्याकडचं उदाहरण देतो, कारण हे मला एका संपादकाच्या तक्रारीवरून कळलं. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्यातल्या नावाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तिथे टक्केचिन्हांच्या रूपात साठतं आणि ९ जागा खातं. काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं! 'महाराष्ट्रातील किल्ल्यांची भटकंती' असं शीर्षक दिलं की पत्ता 'महाराष्ट्रातील-किल्ल्या' इथेच तुटतो. मालिकेतल्या पुढच्या भागांचं वेगळेपण मग शेवटच्या २, ३ अशा आकड्यांपुरतं उरतं. शीर्षकावरून काही करणारं प्लगइन लिहिताना हे ठाऊक नसेल तर डोकं धरून बसाल.

हे मराठी माणसालाच नडतं, मग ते मराठीत का लिहू नये?

पारिजात

सह्यकडा, 'इज_ॲडमिन'चं वाचून मी मागे येतो. कोडचे तुकडे नकोत, ते मी मूळ कल्पनेतून काढतो.

आता असं सुचतं. नोंदीचं शीर्षक म्हणजे पडद्यावर काय दिसलं ते, लिहिणाऱ्याच्या शब्दांत. खाली कारण चार ओळींत, वर्डप्रेस आणि पीएचपीची आवृत्ती, तारीख, आणि शेवटी हँडबुकाच्या पानाचा दुवा. आवृत्ती हवीच, कारण दिसणंही बदलतं. मे २०१९ मध्ये वर्डप्रेसची ५.२ आवृत्ती आली, त्याआधी प्लगइन कोसळलं की बहुधा नुसतं पांढरं पान दिसायचं. आता गंभीर त्रुटीचा संदेश येतो. तो संदेश शोधणाऱ्याला 'पांढरं पान' म्हणणारं जुनं टिपण सापडणारच नाही.

सह्यकडा

तुकडे गेले म्हणजे माझा अर्धा विरोध गेला. राहिलेला असा, की शिळी नोंद काढणार कोण? लिहायला वीस जण येतात, पुसायला एकही नाही. वर्षभरात कुणी पुन्हा तपासली नाही तर नोंद आपोआप दिसेनाशी व्हावी, असा नियम मान्य असेल तर तपासायला मी बसतो. आणि सुरक्षेवरची एकही नोंद वहीत नको. तिथे फक्त हँडबुकाचा दुवा.

खडूफळा

पहिला नियम मान्य. दुसरा अजिबात नाही. 'इज_ॲडमिन'चा घोळ तुम्ही वर ज्या शब्दांत सांगितलात, तो माझ्या मुलांना पहिल्या वाचनात कळेल. वहीची पहिली नोंद तीच असावी, आणि ती तुम्हीच लिहावी.