शब्दचर्चा : स्टेंटवर पेशींचा 'थर' चांगला की वाईट?

माहीमची मीनल
परळच्या एका रुग्णालयासाठी अँजिओप्लास्टीनंतर घरी न्यायच्या पत्रकाचं मराठी करतेय. एका परिच्छेदात 'स्टेंटवर (अरुंद रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात ती धातूची जाळी) पेशींचा थर तयार होतो' हे आनंदाने सांगितलंय, पुढच्यात 'स्टेंटमध्ये पेशींचा थर वाढतो' ही भीती आहे. वाचणाऱ्याने नक्की काय समजायचं? शिवाय रिस्टेनोसिसला, म्हणजे उघडलेली रक्तवाहिनी पुन्हा अरुंद होण्याला, 'पुनःसंकोच' चालेल का?

शीवकर डॉक्टर
मीनलताई, या दोन वेगळ्या पेशी आहेत. रोहिणीला, म्हणजे धमनीला, आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, म्हणून तिथे रक्त सहसा गोठत नाही आणि खालच्या स्नायूपेशीही गप्प राहतात. फुगा फुगवून स्टेंट बसवताना हे अस्तर खरवडलं जातं. उघड्या धातूवर आधी रक्तातली प्रथिनं चिकटतात, मग प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी. पुढे शेजारचं शाबूत अस्तर हळूहळू सरकत येऊन धातू झाकतं. हे हवंच असतं.
नको असतं ते दुसरंच. रोहिणीच्या भिंतीच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशी दुखावल्या की आतल्या बाजूला सरकतात, भराभर वाढतात आणि आपल्याभोवती तंतू सोडत बसतात. पहिल्यासाठी 'अस्तर धरणं' लिहा आणि दुसऱ्यासाठी 'आतून मांस वाढणं'. 'थर' दोन्हीकडून काढा.

गोरेगाव पूर्व
'मांस वाढणं' वाचून माझी आई थेट कॅन्सरवर जाईल हो.

शीवकर डॉक्टर
नाकातलं मांस वाढलं म्हणताना कोणी कॅन्सर समजत नाही. हवं तर 'जखम भरताना वाढलेलं मांस' म्हणा, ते जास्त अचूकही आहे.

भाषाभ्यासक_गिरगाव
'पुनःसंकोच'बद्दल. संकोच म्हणजे आक्रसणं. नुसत्या फुग्याच्या काळात (पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी 1977, झुरिक, ग्रुंटझिग) रोहिणी खरोखर पुन्हा आक्रसायची, तिथे शब्द चपखल होता. 1986 मध्ये स्टेंट आला तो हे आक्रसणं थोपवायलाच. धातूची जाळी भिंतीला सहसा आत येऊ देत नाही, मार्ग भरतो तो आतल्या वाढीने. मग तिथे संकोच कुठला? 'पुन्हा अरुंद होणं' लिहा, जरा लांब आहे पण खोटं नाही.

माहीमची मीनल
हे पटलं. आता पुढचं वाक्य: 'काही शरीरं धातू नाकारतात.'

शीवकर डॉक्टर
खोडा ते. 'नाकारणं' किडनीच्या प्रत्यारोपणात शोभतं. 316एल स्टील असो वा कोबाल्ट-क्रोमियम, पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, नायटिनॉलवर (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) टायटॅनियम ऑक्साइडचा. पेशींची गाठ पडते ती या पापुद्र्याशी. तो नीट नसला तर निकेलचे आयन सुटू शकतात आणि ते पेशींना त्रासदायक. पण रोजच्या व्यवहारात त्याहून मोठा प्रश्न स्टेंटवरच्या औषधी लेपाचा. सिरोलिमस (ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूकडून आलेलं औषध) स्नायूपेशींची वाढ रोखतं, पण अस्तरही उशिरा धरतं. तोवर धातू उघडा, म्हणून त्यावर रक्त गोठू नये यासाठी अ‍ॅस्पिरिनबरोबर दुसरी गोळी. पत्रकात ठळक काही करायचं असेल तर हे करा: डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी.

गोरेगाव पूर्व
मॅग्नेशियमचे स्टेंट 'गंजतात' असं कुठेतरी वाचलं. ऐकायला भयंकर वाटतं.

भाषाभ्यासक_गिरगाव
रसायनशास्त्राने तसं म्हणणं ठीक, पण मराठीत गंज म्हणजे लोखंडाचा, तांबूस. 'विरघळणारे टाके' सगळ्यांना ठाऊक आहेत, त्याच चालीवर 'विरघळणारा स्टेंट'.

माहीमची मीनल
शेवटचा: स्ट्रट, म्हणजे स्टेंटच्या जाळीचा एकेक बारीक दांडा. 'तार' लिहिलंय.

शीवकर डॉक्टर
तार नको. बहुतेक स्टेंट धातूची बारीक नळी लेझरने कोरून करतात. छत्रीच्या असतात तशा 'काड्या' म्हणा. आणि त्यांची जाडी सांगण्यासारखी आहे: जुन्या स्टीलच्या काड्या 140 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास होत्या, आता 60 ते 80. काडी पातळ असली की भिंतीला इजा कमी आणि अस्तर लवकर धरतं.

भाषाभ्यासक_गिरगाव
'काडी'ला माझं अनुमोदन. 'रोहिणी' मात्र पत्रकात ठेवू नका, तरुणांना ती मुलगी वाटेल. 'धमनी' किंवा सरळ 'रक्तवाहिनी'.