काँटेसाला ‘स्टार्स्की अँड हच’च्या टोरिनोचा लाल-पांढरा अवतार द्यायचाय, पट्टा कसा बसवायचा?

बावड्याचा_गडी:
नमस्कार मंडळी. मामांची १९९२ ची काँटेसा क्लासिक हाय, इसुझूचं १.८ पेट्रोल इंजिन, कोल्हापुरात कसबा बावड्यात शेडमध्ये ताडपत्री टाकून ठेवलेली. इंजिन चालू हाय, ब्रेकचं काम झालंय, आता डेंटिंग-पेंटिंग काढायचंय आणि मामा म्हणाले तुला आवडंल तसं कर, फक्त विकू नको. मला लहानपणापासून त्या जुन्या अमेरिकन मालिकांतल्या गाड्यांचं वेड, केबलवर आणि नंतर नेटवर बघून बघून डोक्यात बसल्यात, ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ची नारंगी डॉज चार्जर, ‘नाइट रायडर’ची काळी पाँटिअॅक आणि सगळ्यात जास्त ‘स्टार्स्की अँड हच’ची लाल फोर्ड ग्रॅन टोरिनो. माझ्या मते काँटेसा टोरिनोच्या जवळ जाते, लांब बॉनेट, मागं उतरतं छप्पर, मागच्या चाकाच्या वर पत्र्याला असलेली ती फुगीर कड. तर लाल रंग आणि तो पांढरा पट्टा काढायचा विचार हाय.

अडचण अशी की टोरिनो दोन दरवाजाची आणि काँटेसा चार दरवाजाची. मी फोटोवरून कागदावर काढून बघितलं तर पट्टा मागच्या दरवाजावर येऊन अडकल्यासारखा दिसतो, वर चढताना त्याला जागाच उरत न्हाय. एक मित्र म्हणतो मागचे दरवाजे वेल्डिंग मारून बंद कर आणि हँडल काढून पत्रा सपाट कर, मग दोन दरवाजाची दिसंल. दुसरा म्हणतो कुठनं तरी व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बघ. बजेट फार न्हाय पण काम नीट करायचंय. कुणी असलं काही केलंय का, पट्ट्याचं माप कसं काढायचं, चाकं कुठली लावायची, सांगा की.

उद्यमनगरचा_फिटर:
भावा, नाद खुळा आयडिया हाय. वेल्डिंगचं डोक्यातनं काढून टाक, पट्टा नीट काढला तर चार दरवाजे कुणी मोजत बसत न्हाय.

पट्ट्याचं असं हाय. पुढं तो बारीक टोकानं सुरू होतो, बाजूनं मागं जाता जाता रुंद होतो आणि मागच्या खिडकीच्या पाठीमागनं वळून वर छपरावर चढतो. ह्या वळणावर सगळी गाडी ओळखली जाते. लोक काय करतात, मूळ गाडीचा फोटो घेतात आणि लांबीच्या हिशोबानं सगळाच आकार बारीक करतात. टोरिनो जवळपास ५.४ मीटर लांब आणि तुझी काँटेसा ४.६ च्या आसपास, म्हणजे ८० सेंटिमीटरचा फरक, त्या हिशोबानं दाबलंस की वळण आखूड होतं आणि पट्टा मोडल्यासारखा वाटतो, तुझ्या कागदावर तेच झालंय. तू उलटं कर. मागचा खांब आधी धर, म्हणजे मागची काच आणि मागच्या दरवाजाची काच ह्याच्या मधला पत्रा. वळण तिथं पूर्ण बसव, मूळ गाडीवर जेवढं उताराचं दिसतं तेवढ्याच उताराचं. मग तिथनं पुढं सरळ भाग ओढत आण आणि जे काय कमी करायचं ते पुढच्या दरवाजावर कमी कर, तिथं डोळ्याला कळत न्हाय.

कागदावर करू नकोस, गाडीवर कर. अर्धा इंची मास्किंग टेप घे, आधी एकच कड मार, वरची. मग पंधरा-वीस फूट लांब जाऊन उकिडवा बस आणि बघ, कारण मालिकेत कॅमेरा बऱ्याचदा खालनं असायचा आणि आपल्या डोक्यात ती गाडी तशीच बसलीय. दरवाजांच्या फटीवर टेप तोडू नकोस, सलग ने आणि नंतर ब्लेडनं काप, नायतर दरवाजा बंद केल्यावर दोन्हीकडची कड जुळत न्हाय. रंगाच्या वेळी लाल आधी, पूर्ण वाळू दे, मग पांढरा, आणि क्लिअर कोट सगळ्यावर एकदम, म्हणजे पट्ट्याच्या कडेला बोटाला पायरी लागत न्हाय.

आणि एक, मूळ गाडी मागनं थोडी उचललेली होती, मागची चाकं पण पुढच्यापेक्षा रुंद. मागच्या सस्पेन्शनात जरासा फरक पडला तरी लूक येतो पण ते अंदाजपंचे करू नको, सस्पेन्शनचं काम करणाऱ्याकडनंच करून घे.

एमएच०९_कागदवाला:
आधी कागद बघा मग टेप आणा. आरसीवर रंग काय आहे? पांढरा असेल तर लाल करायला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, पट्ट्याचंही त्याच वेळी विचारून घ्या. रंग बदलणं हे होण्यासारखं काम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण दरवाजे बंद करणं आणि व्ही-८ बसवणं ह्या दोन गोष्टी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाऊन गाडीत फेरफार चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा झाली आणि मालकानं परवानगीशिवाय बदल केला तर एकेका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणजे दोन दरवाजे, इंजिन, सायलेन्सर असं धरत गेलं तर आकडा कुठं जातो बघा. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं हेच काढतात.

ओरिजिनल अमेरिकन गाडी आणायचं कुणाच्या मनात असेल तर तोही हिशोब सांगतो. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, ५० वर्षांच्या पुढची गाडी, चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली, तिची वेगळी नोंदणी होते, नंबरमध्ये ‘व्हीए’ येतं, फी २०,००० रुपये. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-मेंटेनन्स एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. १९६९ ची चार्जर ह्यात बसते, १९८२ ची पाँटिअॅक ट्रान्स अॅम अजून बसत नाही. आणि कापून-जोडून बनवलेली रेप्लिका तर कधीच बसत नाही.

चार्जर_इचलकरंजी:
मी नारंगी पार्टीतला. मर्दा, चार्जर सोडून टोरिनो? १९६९ ची चार्जर आर/टी, ४४० मॅग्नम इंजिन, ३७५ हॉर्सपॉवर. तुमची टोरिनो १९७५-७६ ची, तोपर्यंत अमेरिकेत प्रदूषणाचे नियम येऊन व्ही-८ ची सगळी हवा गेलेली, वजन मात्र भरपूर. पण पडद्यावर भारी दिसायची हे मान्य.

तू खोटी गाडी करतोयस म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्याला एवढंच सांग की मालिकावाल्यांनी पण तेच केलंय. ‘ड्यूक्स’ १९७९ ते १९८५ चालली, दर भागात उड्या, आणि उडी मारलेली गाडी खाली आल्यावर वाकायचीच, म्हणून शेकड्यानं चार्जर संपल्या. १९६९ च्या मिळेनात तेव्हा १९६८ च्या घेऊन पुढची जाळी आणि मागचे दिवे बदलून ६९ च्या केल्या. ६८ ला मागं गोल दिवे, ६९ ला लांबट पट्टीसारखे, ओळखायचं असेल तर तिथं बघायचं. इंजिन पुढं जड म्हणून हवेत नाक खाली जायचं, त्यासाठी डिकीत वजन भरायचे. ‘मायामी व्हाइस’ची काळी फेरारी डेटोना तर फेरारीच नव्हती, खाली शेवरोले कॉर्व्हेट आणि वर फायबरची बॉडी. फेरारी कंपनीनं हरकत घेतली, मग ती गाडी मालिकेतच उडवून दिली आणि खरी टेस्टारोसा आली. आणि तुझ्या टोरिनोच्या बाबतीत तर फोर्डनं स्वतःच १९७६ ला हजारभर लाल-पांढऱ्या गाड्या काढून शोरूममधून विकल्या, म्हणजे रेप्लिकाची पहिली फॅक्टरी खुद्द कंपनीचीच.

कुणी चार्जर करायला घेतलीच तर एक कळकळीची विनंती, नारंगी करा, दारावर ०१ लिहा, पण छतावर मूळ गाडीसारखा तो झेंडा रंगवू नका. तो अमेरिकेतल्या गुलामगिरी टिकवायला लढलेल्या राज्यांचा झेंडा हाय. २०१५ ला वॉर्नर ब्रदर्सनं तो झेंडा असलेली खेळणी बंद केली, आणि पहिली उडी मारलेली खरी गाडी ज्या गोल्फर बबा वॉटसननं २०१२ ला लिलावात १,१०,००० डॉलरला घेतली त्यानं पण त्या जागी छतावर अमेरिकेचा झेंडा रंगवणार असं जाहीर केलं. आपण शाहू महाराजांच्या गावाशेजारची माणसं, आपल्याला ते शोभत न्हाय.

बावड्याचा_गडी:
फिटर भाऊ, खांब आधी धरायचं हे डोक्यातच आलं नव्हतं, लय उपयोगी. कागदवाले साहेब, आरसीवर पांढराच हाय, सोमवारी आरटीओत जाऊन विचारतो. व्ही-८ चा विषय बंद. पण चाकांचं कुणी बोललं न्हाय, मूळ गाडीला त्या पाच खाचांच्या अॅलॉय होत्या, उद्यमनगरात अॅल्युमिनियममध्ये ओतून मिळतील का? साच्यासाठीचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, मी स्वतः सागवानात करीन, आमच्या घरात सुतारकाम हाय.

उद्यमनगरचा_फिटर:
ओतून काय पायजे ते मिळंल, पण चाक ओतू नको. हे मनापासून सांगतोय. वाळूच्या साच्यात ओतलेल्या अॅल्युमिनियमला आत बारीक बारीक पोकळी राहते, वरनं लेथवर घासून चकचकीत केलं तरी आतली दिसत न्हाय. कंपनीचं अॅलॉय चाक हीट ट्रीटमेंट करून, एक्स-रे काढून, आपटून तपासून बाहेर येतं. आपलं चाक पन्हाळ्याच्या घाटात खड्ड्यात बसलं आणि तडकलं तर काय करणार. त्यापेक्षा तुझी मूळ लोखंडी डिस्क तशीच ठेव आणि पाच खाचांचं पातळ कव्हर ओतून घे, भार सगळा डिस्कवर, कव्हर नुसतं दिसायला. पॅटर्न करताना आकसायला दर शंभराला सव्वा एक जादा धर आणि खाचांच्या आतल्या बाजूला उतार दे, सरळ केलंस तर साच्यातनं निघताना वाळू तुटते.

काँटेसावाले_काका:
बाळा, मी स्वतः काँटेसा ठेवून आहे, नवी घेतलेली, म्हणून दोन शब्द. तुला ती टोरिनोच्या जवळची वाटते ह्याला कारण आहे. काँटेसा म्हणजे सत्तरच्या दशकातली ब्रिटिश व्हॉक्सॉल व्हिक्टर, आणि व्हॉक्सॉलची मालकी अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे होती, त्यामुळे ते कमरेत बारीक आणि मागं भरलेलं अंग त्या घराण्यातूनच आलंय. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ पासून २००२ पर्यंत ती केली. सुरुवातीला अँबॅसेडरचंच १.५ इंजिन, गाडी जड आणि जीव थोडा, पण इसुझू आल्यावर पाच गिअरमध्ये जी काय पळायची! पुणे-बेंगलोर रोडला त्या काळी मागं बघायची गरज नसायची.

माझा रंगाला विरोध नाही, रंग परत काढता येतो. पण पत्रा कापू नकोस. वर कागदवाल्यांनी जो ५० वर्षांचा नियम सांगितला तो काँटेसालाही लागेल. तुझी १९९२ ची २०४२ ला त्यात बसेल, पण बॉडी शेल शाबूत असेल तरच. आज काँटेसा भंगारात गेल्या तेवढ्या गेल्या, डोअर रबर आणि मागच्या दिव्यांच्या काचा शोधताना जीव जातो. दसऱ्याला दसरा चौकात न्यू पॅलेसच्या राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी येते तेव्हा आपण सगळे उड्या मारून बघतो ना? ती इतकी वर्षं कुणी कापली नाही म्हणून बघायला मिळते. टोरिनो जगात पुष्कळ लोक करतील, काँटेसा मात्र आपल्यालाच सांभाळावी लागणार.

आणि रंगाच्या आधी काढलेला मूळ बॅज, क्रोमच्या पट्ट्या, स्क्रूसकट एका डब्यात ठेव आणि डबा गाडीतच ठेव, घरात ठेवलास की दिवाळीच्या साफसफाईत जातो.

स्कॅनर_शाहूपुरी:
काकांशी शंभर टक्के सहमत, आणि ज्यांना आकारच बदलायचाय त्यांनी फायबर वापरा. आम्ही मंडळाच्या देखाव्यासाठी ‘नाइट रायडर’मधल्या किट नावाच्या गाडीचं नुसतं पुढचं तोंड केलं होतं, मूर्तीकाम करणाऱ्या मित्रानं आधी मातीत घडवलं, त्यावर प्लास्टरचा साचा आणि मग फायबर. खाली गाडीच नव्हती, अँगलचा सांगाडा.

मजा स्कॅनरमध्ये आहे, म्हणजे गाडीच्या तोंडावरच्या पळत्या लाल दिव्यात. लाल दिवा डावीकडून उजवीकडे पळतो म्हणून बरेच जण आठ एलईडी लावतात, एक बंद की दुसरा चालू, आणि ते लग्नातल्या माळेसारखं दिसतं. मूळ गाडीत साधे तारेचे बल्ब होते, बल्ब बंद केला तरी तार लगेच थंड होत नाही, त्यामुळं दिव्याच्या मागं एक शेपूट राहायचं. जीव त्या शेपटात आहे. एलईडीला ते मुद्दाम द्यावं लागतं, आर्डुइनो नावाच्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर प्रत्येक दिवा हळूहळू विझवायचा, एकदम नाही, आणि पुढं धुरकट अॅक्रिलिक लावायचं म्हणजे दिव्याचे ठिपके न दिसता एकच सरकता उजेड दिसतो. पोरं अर्धा-अर्धा तास समोर उभी राहायची. पण रस्त्यावरच्या गाडीला हे लावू नका, समोरच्या बाजूला लाल उजेड दाखवायला मोटार वाहन नियमांत मनाई आहे.

बावड्याचा_गडी:
ठरलं. दरवाजे, इंजिन, पत्रा कशाला हात लावत न्हाय. रंग, पट्टा आणि चाकाची कव्हरं एवढंच, ते पण परवानगी हातात आल्यावर. काका, डब्याचं आजच करतो. मामांना तुमचा मेसेज वाचून दाखवला, ते म्हणाले ह्यांना एकदा बावड्याला चहाला बोलव.

उद्यमनगरचा_फिटर:
टेप मारलास की दोन्ही बाजूचे फोटो टाक, एका बाजूचा टाकू नको, जुन्या गाडीला डावी-उजवी कधीच सारखी नसते. आणि रंगवाल्याकडं न्यायच्या आधी गाडी जॅकवर घेऊन दाराखालचा पत्रा आणि मॅटिंगखालची जमीन स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघ. आपल्याकडच्या पावसात शेडमध्ये उभी राहिलेली गाडी वरनं बरी दिसते आणि खालनं सडलेली असते, पुट्टीवर लाल मारलास तर दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात.